साइट सगळ्यांना खुली आहे, मग माझाच प्रोग्रॅम का अडवला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या वडिलांचं सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचं आडत दुकान आहे. मुलानं पायथन शिकून एक प्रोग्रॅम लिहिला: सोलापूर, लासलगाव, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद अशा बारा बाजारांतले कांद्याचे दर एका खासगी बाजारभावाच्या साइटवरून दर मिनिटाला उचलायचे आणि ओळखीच्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे. सुरुवातीला व्यवस्थित चाललं. मग 429 असा एरर यायला लागला, पुढे 403, आणि आता घरातल्या वायफायवर ब्राउझरमध्येही ती साइट उघडत नाही. शेजाऱ्यांकडेही नाही. मित्र म्हणतो, प्रॉक्सी घे (म्हणजे दुसऱ्याच पत्त्यावरून मागणी पाठवणारा मधला सर्व्हर), काम होऊन जाईल. विचारणाऱ्याचं म्हणणं: दर सगळ्या जगाला दिसतात, तर माझ्या प्रोग्रॅमला का नाही? मी गुन्हा केला का? आणि प्रॉक्सी घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई होण्याची शक्यता आहे. प्रॉक्सी घेऊ नका. कारण पुढे येईलच.

सोलापुरातल्या छोट्या-मध्यम उद्योगांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा रोजचा धंदा आहे. प्रोग्रॅम लिहून घेणारे आणि प्रोग्रॅम अडवा म्हणणारे, दोघंही माझ्याकडेच येतात. तुमचं काम मला मनापासून आवडलं हे आधी सांगतो. मंगळवेढ्याचा किंवा मोहोळचा शेतकरी रात्री टेम्पो भरून निघतो, तेव्हा उद्या सोलापुरात काय भाव निघेल आणि पुण्याला नेला असता तर काय निघाला असता, हे त्याला कळायलाच हवं. डिसेंबर-जानेवारीत इथे आवक इतकी वाढते की गाड्या उभ्या करायला जागा राहत नाही आणि लिलाव एखादा दिवस बंद ठेवण्याची वेळ येते. ती बातमी आदल्या संध्याकाळी पोहोचली तर कुणाचं तरी गाडीभाडं वाचतं. म्हणूनच हे काम बंद न पडता वर्षानुवर्षं चालावं अशा रीतीनं ते बांधायला हवं. आज ते तसं बांधलेलं नाही.

तुम्हाला अडवणाऱ्या माणसाला समोर काय दिसतं, ते आधी बघू.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांची साइट साध्या, दोन जीबी मेमरीच्या सर्व्हरवर चालते. माल, रंग, साइज, जीएसएम (कापडाचं वजन) असे फिल्टर लावून शोधायचं पान आहे. एके दिवशी दुपारी साइट अडखळायला लागली म्हणून मी लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं याची सर्व्हरनं ठेवलेली नोंदवही, उघडला. एकाच सेकंदाच्या आठ-दहा ओळी, सगळ्या एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा घरपत्ता म्हणा), सगळ्या त्याच शोधपानाच्या. फरक फक्त शेवटच्या आकड्यात: पान 41, पान 42, पान 43. ब्राउझरचं नाव असतं त्या जागी 'पायथन-रिक्वेस्ट्स' आणि आवृत्तीचा क्रमांक. माणूस पान उघडतो तेव्हा त्या पानाबरोबर फोटो, रंगरूपाच्या फाइली, फॉन्ट असं सगळं मागवलं जातं, मग वीस-तीस सेकंद शांतता असते, कारण तो वाचत असतो. इथे फोटो नाहीत, शांतता नाही, नुसती शोधपानं.

इथे बहुतेक नव्या मंडळींचा एक गैरसमज असतो. 'मी तर फक्त मजकूर घेतो, फोटो घेतच नाही, मग सर्व्हरवर भार कसला?' प्रत्यक्षात उलटं आहे. फोटो एकदा तयार झालेली फाइल असते. ती कॅशमधून, म्हणजे तयार ठेवलेल्या प्रतीतून जाते, सर्व्हरला तिचं जवळपास काहीच लागत नाही. शोधपान मात्र प्रत्येक वेळी डेटाबेसला नव्यानं प्रश्न विचारून तयार होतं. म्हणजे साइटवरची सर्वांत स्वस्त गोष्ट तुम्ही सोडता आणि सर्वांत महाग तीच एका मागोमाग एक मागता. त्या दुपारी टॉवेलचा एक व्यापारी ऑर्डर भरत होता, त्याचं पान मध्येच अडकलं आणि त्यानं फोन करून कारखानदाराला विचारलं की साइट बंद केली का. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण लॉगमध्ये हेतू दिसत नाही. नाव नाही, फोन नाही, कशासाठी चाललंय याचा पत्ता नाही. अशा वेळी माझ्याकडे एकच उपाय उरतो, तो पत्ता बंद करणं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दिसायला खुलं असणं आणि यंत्रानं हवं तितकं उचलायला खुलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यार्डाचं गेट सगळ्यांना उघडं असतं, पण त्या गेटात कुणी रिकामा ट्रक आडवा लावून ठेवला तर हमाल-तोलारांपासून शेतकऱ्यापर्यंत सगळे त्याला हटवायला सांगतील, आणि 'गेट तर सार्वजनिक आहे' हे त्याचं उत्तर कुणी ऐकून घेणार नाही.

आता तुमच्या बाबतीत काय झालं असणार ते क्रमानं सांगतो.

429 हा आकडा एप्रिल 2012 मध्ये आरएफसी 6585 या दस्तऐवजानं ठरवून दिला (इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्यांत लिहिले जातात त्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात). अर्थ इतकाच की ठरावीक वेळात तुमच्याकडून फार विनंत्या आल्या. ही ताकीद आहे, बंदी नाही. बऱ्याचदा त्याच्यासोबत 'रिट्राय-आफ्टर' नावाचं हेडर, म्हणजे उत्तराला जोडलेली सूचनेची ओळ येते. त्यात किती सेकंदांनी परत यायचं तो आकडा असतो, किंवा थेट तारीख-वेळ असते. तुमच्या प्रोग्रॅमनं ते हेडर वाचलंच नसणार. मी पाहिलेल्या बहुतेक स्क्रिप्टांमध्ये एरर आला की लगेच पुन्हा प्रयत्न करायचा असंच लिहिलेलं असतं. म्हणजे सर्व्हर 'जरा थांबा' म्हणतो तेव्हा प्रोग्रॅम आणखी जोरात मागायला लागतो. काही काळ हे चाललं की साइटच्या पुढचा फायरवॉल, म्हणजे तिचा राखणदार प्रोग्रॅम, 429 द्यायचं सोडून 403 देतो. 403 म्हणजे आता तुम्हाला आत यायला मनाई आहे. या दोन आकड्यांमधला फरक नीट लक्षात ठेवा, कायद्याच्या मुद्द्याला तो परत लागणार आहे.

मर्यादा मोजायची सर्वांत रुळलेली पद्धत टोकनची. प्रत्येक पत्त्याच्या नावे काही टोकन जमा असतात. समजा जास्तीत जास्त दहा, आणि दर सेकंदाला एक नवं जमा होतं. प्रत्येक विनंतीला एक टोकन खर्च. तुम्ही बाराही बाजार एकाच क्षणी वेगवेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅमच्या एकदम चालणाऱ्या धाग्यांतून) मागवता, त्यातच एखाद्याला उशीर झाला की पुन्हा मागवता, आणि साठा क्षणात संपतो. त्याच बारा विनंत्या एकामागून एक, मध्ये पाच-पाच सेकंद सोडून केल्या असत्या तर मिनिटभरात पूर्ण झाल्या असत्या आणि कुणाच्या लक्षातही आल्या नसत्या.

शेजाऱ्यांकडे साइट का बंद झाली? तुमच्या भागातल्या केबल-इंटरनेटवाल्याकडे आयपीव्ही4 पत्ते कमी आहेत, म्हणून तो शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. तपासायचं असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच वाटून घेतलेल्या पत्त्यामागे आहात. हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. साइटला तुमचं घर वेगळं दिसत नाही, अख्खा परिसर एकच गिऱ्हाईक दिसतो. तुमच्या प्रोग्रॅमची शिक्षा शेजारच्या आजोबांना झाली ती अशी. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपण घरात बसून काय करतो त्याचा त्रास कुणाला होतो हे एरवी दिसत नाही, आणि इथे तो भिंतीपलीकडेच झाला.

आता खरा मुद्दा. 'मर्यादा किती आहे आणि ती कशी ओलांडू' हा प्रश्न सोडा. 'ही माहिती बदलते किती वेळा?' हे विचारा. कांद्याचा लिलाव दिवसातून एकदा, फार तर दोनदा होतो. बाजार समितीचा माणूस आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर भरतो, तो दुपारी किंवा संध्याकाळी. एकदा भरला की दुसऱ्या दिवसापर्यंत तो बदलत नाही. तुम्ही बारा बाजार दर मिनिटाला विचारता, म्हणजे दिवसाला 17,280 विनंत्या. गरज आहे ती संध्याकाळी एक फेरी आणि उशिरा भरणाऱ्यांसाठी रात्री एक, म्हणजे 24. बाकीच्या सगळ्या विनंत्यांना तोच आकडा परत आला, जो तुमच्याकडे आधीच होता. तुम्हाला त्यातून काही मिळालं नाही आणि समोरच्याचा सर्व्हर मात्र झिजला. वेग माहितीच्या वेगाइतका ठेवला की निम्म्याहून जास्त प्रकरणांत मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

नियम कुठे वाचायचे? तीन ठिकाणी. साइटच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची फाइल असते. ही पद्धत 1994 मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी मांडली, जवळजवळ तीन दशकं ती नुसत्या सामंजस्यावर चालली आणि सप्टेंबर 2022 मध्ये आरएफसी 9309 म्हणून तिला रीतसर रूप मिळालं. त्यात कुठल्या प्रोग्रॅमनं कुठल्या भागात येऊ नये ते लिहिलेलं असतं. हा दस्तऐवज स्वतःच स्पष्ट सांगतो की या फाइलीतले नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी नव्हे. म्हणजे तिथे मनाई लिहिलेली नाही, एवढ्यावरून सगळं चालतं असं ठरत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: सर्व्हर बिघडल्यामुळे ती फाइल मिळालीच नाही, तर सगळीकडे मनाई आहे असं समजून थांबायचं, असंही त्यात आहे. 'क्रॉल-डिले' ही ओळ काही साइटांवर दिसते. ती या दस्तऐवजात नाही आणि गूगलचा बॉट ती मानत नाही, पण तुम्ही मानावी असं माझं मत आहे. कारण साइटवाल्यानं त्याला किती सेकंदांचं अंतर हवंय ते हातानं लिहून ठेवलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे वापराच्या अटी. त्यात 'ऑटोमेटेड', 'स्क्रेपिंग' (प्रोग्रॅमनं माहिती उचलणं), 'बॉट', 'क्रॉलर' (असं उचलणारे प्रोग्रॅम) हे शब्द शोधा. तिसरी जागा एपीआयचं, म्हणजे प्रोग्रॅमांसाठी मुद्दाम ठेवलेल्या दाराचं माहितीपान, असेल तर. चांगल्या सेवा तिथे आकडे उघड लिहितात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा एपीआय लॉगिन न करता वापरला तर तासाला 60 विनंत्या देतो, ओळख दिली तर 5,000. ओळख दिली की मर्यादा ऐंशी पटींहून जास्त वाढते, यावरूनच समजा की साइटवाल्यांना नेमकं काय हवं असतं. ओपनस्ट्रीटमॅपची पत्ता शोधून देणारी नॉमिनॅटिम सेवा फुकट आहे, पण सेकंदाला एकच विनंती, तीही तुमच्या ॲपच्या सगळ्या वापरकर्त्यांची मिळून. प्रोग्रॅमचं खरं नाव द्यायचं, मिळालेलं उत्तर साठवून ठेवायचं आणि टाइप करता करता सुचवण्या दाखवण्यासाठी ती वापरायचीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश हवेत म्हणून तिथे रांगेनं हजार नावं विचारत बसण्यापेक्षा नकाशाची अख्खी फाइल एकदाच उतरवून घ्यायची आणि आपल्या मशीनवर शोधायचं. फाइल उतरवायची सोय आहे का, हे मी कुठल्याही साइटवर सर्वांत आधी बघतो.

कायद्याचं. मी वकील नाही, पण या कामात जितकं माहीत असायला हवं तितकं सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधलं कलम 43 म्हणतं की संगणकाच्या मालकाच्या किंवा तो सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणं, त्यातून माहिती उतरवून घेणं किंवा तिची नक्कल करणं, तो विस्कळीत करणं, अधिकार असलेल्या माणसाला तो वापरता येणार नाही असं करणं, या सगळ्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हा दिवाणी स्वरूपाचा भाग झाला. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केली तर कलम 66 लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खुल्या पानावरचा कांद्याचा दर वाचणं म्हणजे लगेच गुन्हा, असं मी म्हणणार नाही. दर ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाची मालकी सांगणं अवघड आहे. पण परवानगी आहे असं गृहीत धरणं आणि परवानगी नाही हे कळल्यावरही पुढे जाणं यात मोठा फरक पडतो, आणि 403 हे त्या कळण्याचं पहिलं चिन्ह आहे.

आता प्रॉक्सीचं कारण कळेल. आजपर्यंत तुमच्याकडून झालं ते अजाणतेपणी वेग जास्त ठेवणं. उद्या तुम्ही पन्नास पत्ते भाड्यानं घेतलेत, प्रोग्रॅमच्या नावाच्या जागी क्रोमचं नाव टाकलंत, कॅप्चा सोडवणारी सेवा लावलीत, तर मनाई माहीत असूनही ओळख लपवून आत शिरलात याचा पुरावा तुमच्याच कोडमध्ये, तुमच्याच हातानं लिहिलेला असेल. शिवाय स्वस्तात मिळणारे 'घरगुती' प्रॉक्सी बऱ्याचदा कुणाच्या तरी मोबाइल-टीव्हीतल्या फुकट ॲपमधून, त्या माणसाला नीट न सांगता वापरलेले पत्ते असतात. तुमच्यामुळे तुमचा शेजारी अडकला, तसा तिथे कुठल्या तरी अनोळखी घराचा पत्ता बंद होतो.

अमेरिकेतले दोन खटले यात नेहमी उद्धृत होतात, आणि अर्धवट होतात, म्हणून पूर्ण सांगतो. 2000 मध्ये ईबे विरुद्ध बिडर्स एज प्रकरणात लिलावांची माहिती एकत्र करणारी बिडर्स एज ही कंपनी ईबे या लिलावाच्या साइटवर दिवसाला सुमारे एक लाख विनंत्या करत होती. ईबेनं पत्ते अडवले, कंपनीनं प्रॉक्सी लावले. न्यायालयानं मनाई हुकूम दिला. एकाला चालू दिलं तर सगळेच करतील आणि सर्व्हर बसेल, हा विचार त्यामागे होता. दुसरा हायक्यू विरुद्ध लिंक्डइन. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटवरची लोकांची खुली माहिती हायक्यू ही कंपनी प्रोग्रॅमनं उचलत होती. 2019 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2022 मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं की लॉगिनशिवाय दिसणारी माहिती उचलणं हे बहुधा तिथल्या संगणक-घुसखोरीच्या कायद्यात बसत नाही. लोक इथपर्यंतच सांगतात आणि 'स्क्रेपिंग कायदेशीर झालं' म्हणतात. पण नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच प्रकरणात खालच्या न्यायालयानं हायक्यूनं वापराच्या अटी मोडल्या असं ठरवलं आणि डिसेंबरमध्ये पाच लाख डॉलरच्या हुकुमावर प्रकरण मिटलं. घुसखोरी नाही म्हणजे करारभंगही नाही, असं होत नाही. आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक रीतीनं केलेला करार केवळ तो इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 10ए कलमात आहे. त्यामुळे खातं उघडून, 'मला मान्य आहे' वर टिक करून, मग त्या खात्यातून प्रोग्रॅम चालवणं हे लॉगिन न करता खुलं पान वाचण्यापेक्षा जास्त जोखमीचं.

आपल्या रोजच्या अनुभवातलं उदाहरण तत्काळ तिकिटांचं. हुतात्मा किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या तिकिटासाठी माणूस फॉर्म भरेपर्यंत प्रोग्रॅम तिकिटं घेऊन गेलेला असतो, याचा राग सोलापुरात कुणाला नाही? 9 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की रेल्वे कायदा 1989 चं कलम 143, म्हणजे अधिकार नसताना तिकिटांचा धंदा करण्याविरुद्धचं कलम, ऑनलाइन तिकिटांनाही लागू होतं. 1 जुलै 2025 पासून आयआरसीटीसीवर तत्काळसाठी आधारनं पडताळलेलं खातं लागतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत एजंटांनाही तत्काळ बुकिंग बंद आहे. हे सगळे निर्बंध यंत्राच्या वेगापुढे माणूस टिकावा म्हणून आहेत. तुमचं काम त्या जातीचं नाही, पण सर्व्हरला दोघांचा वेग सारखाच दिसतो.

तर आता काय करायचं.

पहिलं, ती खासगी साइट सोडूनच द्या असं मी सांगेन. तुम्हाला हवी ती माहिती सरकारी दारातून मिळते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव त्यांच्या साइटवर देतं, आणि केंद्राच्या पणन व तपासणी संचालनालयाचं ॲगमार्कनेट देशभरच्या बाजारांचे दर ठेवतं. यंत्रानं घ्यायला सर्वांत सोयीचं ठिकाण म्हणजे डेटा डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे रोजच्या बाजारभावांचा संच एपीआयनं मिळतो: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, सगळे क्विंटलमागे. नाव नोंदवून स्वतःची 'एपीआय की', म्हणजे तुमची ओळख पटवणारी किल्ली घ्या. तिथे नमुना म्हणून दिलेली किल्ली वापरलीत तर एका वेळी दहाच नोंदी येतात, आणि पुष्कळ जण 'सरकारी माहिती अपुरी आहे' म्हणून तिथूनच परततात. सरकारच्या खुल्या माहितीचा परवाना 2017 मध्ये आला. त्यानुसार स्रोताचा उल्लेख करून तुम्ही ही माहिती वापरू शकता, पुढे देऊ शकता, त्यावर व्यवसायही करू शकता. इथे त्रास एकच, एखाद्या बाजार समितीनं दर उशिरा भरला तर तुम्हालाही उशिरा मिळतो. सोलापूरचा दर तर तुमच्या वडिलांच्या हिशोबपट्ट्यांवरून तुम्हाला कुठल्याही साइटच्या आधी कळतो. तो स्वतःच भरा. तुमच्या संदेशाचं खरं मोल तिथेच आहे.

प्रोग्रॅममध्ये बदल फार नाहीत. बाजार एकामागून एक विचारा, थ्रेड काढून टाका. प्रोग्रॅमच्या नावाच्या जागी खरं नाव आणि संपर्काचा ईमेल लिहा. विकिपीडियाचे चालक एपीआय वापरणाऱ्यांकडून नेमकी हीच अपेक्षा ठेवतात, आणि मी स्वतः लॉग बघताना ईमेल दिसला तर बंद करण्याआधी मेल टाकतो. 429 आला तर हेडरमध्ये सांगितलं तेवढं थांबा. हेडर नसेल तर एक मिनिट, मग दोन, चार, आठ असं वाढवत जा, आणि दर वेळी त्यात काही सेकंद अनियमितपणे कमी-जास्त करा. पाच-सहा प्रयत्नांनंतर त्या दिवसापुरतं थांबून स्वतःला मेल पाठवा. 403 आला तर एकही पुनर्प्रयत्न नाही. सर्व्हर 'ईटॅग' किंवा 'लास्ट-मॉडिफाइड' (पान कुठल्या आवृत्तीचं, कधी बदललं याची खूण) देत असेल तर पुढच्या वेळी ती खूण परत पाठवा. पान बदललेलं नसेल तर 304 येतं, मजकूर येतच नाही, दोघांचंही वाचतं. आणि वेळ बरोबर सात वाजताची ठेवू नका. सगळ्यांचे प्रोग्रॅम पूर्ण तासाला उठतात. सात वाजून तेरा मिनिटं, असं काहीतरी ठेवा.

साइटवर व्यापाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर दिसत असतील तर ते उचलू नका. दर ही वस्तुस्थिती, पण माणसाचा नंबर हा वैयक्तिक डेटा आहे. त्यासाठी 2023 चा वेगळा कायदा आहे, आणि तुमच्या कामाला त्या नंबरांची गरजही नाही.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढची अडचण तिथेच येणार. ब्राउझरमधल्या व्हॉट्सॲपला स्क्रिप्ट जोडून शेकडो लोकांना आपोआप संदेश पाठवणं त्यांच्या अटींत बसत नाही, आणि 7 डिसेंबर 2019 पासून अशा मोठ्या प्रमाणातल्या वापरावर कायदेशीर कारवाई करू असंही त्यांनी जाहीर केलेलं आहे. नंबर बंद झाला तर तो वडिलांच्या दुकानाचा, पिढ्यांच्या गिऱ्हाइकांना पाठ असलेला नंबर असेल. ब्रॉडकास्ट यादीला 256 जणांची मर्यादा आहे, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ती पोहोचते. तुमच्या कामाला चॅनेल योग्य. सप्टेंबर 2023 पासून भारतात आहे, शेतकरी स्वतः जोडून घेतो, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. दिवसातून एक संदेश हातानं चिकटवायला दोन मिनिटं लागतात. खाली 'स्रोत' म्हणून पोर्टलचं नाव लिहा.

त्या खासगी साइटला एक मेल मात्र पाठवाच, शेजाऱ्यांसाठी तरी. मराठीत चालेल. तुमचं नाव, दुकानाचं नाव, तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता, कुठल्या तारखेपासून काय चालू होतं, काय चुकलं, काय बंद केलंत, आणि हा पत्ता बऱ्याच घरांचा मिळून असल्यामुळे तो खुला करावा ही विनंती. त्यांच्याकडची एखादी गोष्ट सरकारी पोर्टलवर नसेल आणि ती हवी असेल तर दिवसाला किती विनंत्या, किती वाजता, कशासाठी, हे आकड्यांत लिहून रीतसर परवानगी मागा. मला असा मेल आला तर मी बहुतेक वेळा हो म्हणतो, आणि कधी कधी गिऱ्हाइकाला सांगून रोजची फाइलच पाठवायची व्यवस्था करतो, कारण ते माझ्याही सर्व्हरला सोपं जातं.

मेल पाठवण्याआधी प्रोग्रॅम खरोखर बंद झालाय का ते बघा. शेड्युलरमधली (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या यादीतली) ओळ पुसा, आणि दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर त्याची एखादी प्रत चालू राहिली आहे का तेही तपासा. कित्येक फायरवॉलमध्ये बंदीची मुदत शेवटच्या विनंतीपासून मोजली जाते. विसरलेली एक स्क्रिप्ट दर मिनिटाला दार वाजवत राहिली, तर ती मुदत कधी संपतच नाही.